पल्ला, द्वंद्वक्रीडांतील

द्वंद्वक्रीडेत खेळाडू आपल्या जागेवरून जेवढ्या अंतरापर्यंत हात, पाय वा शस्त्र प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पोहोचवू शकतो, त्या अंतरास पल्ला असे म्हणतात. मराठीत हा शब्द हाताच्या, भाल्याच्या आणि तोफेच्या बाबतीतही वापरला जातो, कारण तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो : शत्रू आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी आपण त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो काय? ज्याचा पल्ला लांब त्याची बाजू वरचढ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि शस्त्रविद्या, कुस्ती व मुष्टियुद्ध यांच्या इतिहासात या समजुतीला दुजोरा देणारी उदाहरणे जितकी आढळतात, जवळजवळ तितकीच ती खोटी पाडणारीही आढळतात. लांब पल्ल्याचे मोल अंतरावर अवलंबून असते आणि ते अंतर कोणी ठरवावयाचे, हाच द्वंद्वातील खरा झगडा असतो.

मोजमाप : मुष्टियुद्धात पल्ला मोजताना दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरून एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर घेतात. हेच माप मराठीत ‘वाव’ या नावाने परंपरेने प्रचलित आहे. कोकण किनाऱ्यावरील कोळी दोराची लांबी व पाण्याची खोली वावांत मोजत आले आहेत. माणसाची वाव साधारणतः त्याच्या उंचीइतकी असते, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकातच नमूद केले होते. मात्र काही व्यक्तींची वाव उंचीपेक्षा बरीच जास्त, तर काहींची कमी भरते. या मोजमापात एक उणीव आहे. वावेत छातीची व खांद्यांची रुंदी समाविष्ट असल्याने रुंद खांद्याच्या मल्लाचे हात आखूड असले, तरी त्याची वाव मोठी भरते. शिवाय ठोसा मारताना अंग किती वळते, पुढचे पाऊल किती पडते व खांदा किती पुढे येतो, यांवर प्रत्यक्ष पल्ला ठरतो. त्यामुळे समान वाव असलेल्या दोन खेळाडूंचा उपयुक्त पल्ला समान असेलच असे नाही.

लाभ व मर्यादा : द्वंद्वातील अंतराचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात कोणाचाच प्रहार पोहोचत नाही. दुसऱ्यात केवळ लांब पल्ल्याच्या खेळाडूचा पोहोचतो. तिसऱ्यात दोघांचाही पोहोचतो. लांब पल्ल्याचा सारा लाभ दुसऱ्या टप्प्यात सामावलेला आहे. दोघांच्या पल्ल्यांतील फरक अनेकदा वीतभरही नसतो. तेवढ्याच पट्ट्यात उंच खेळाडू निर्धास्तपणे प्रहार करू शकतो. प्रतिस्पर्ध्याला हा पट्टा ओलांडल्याखेरीज काहीच करता येत नाही आणि ओलांडतानाच तो सर्वांत अधिक उघडा पडतो. लांब हात ही लांब तरफ असल्यामुळे गोलाकार प्रहारात तिच्या टोकाचा वेगही अधिक असतो. एकदा तिसऱ्या टप्प्यात प्रवेश झाला, की याच गोष्टी उलटतात. लांब हात कोपरात दुमडून जवळच्या लक्ष्यावर जोराने मारणे कठीण जाते. प्रहार करून परत आणण्यास त्याला अधिक वेळ लागतो. पसरलेला हात पकडीस सहज सापडतो. आणि लांब तरफेच्या टोकाशी लावलेल्या बळाविरुद्ध टिकाव धरण्यास खांद्याला अधिक शक्ती खर्चावी लागते. उंच देहाचा गुरुत्वमध्यही उंचावर असल्याने त्याचा तोल ढळविणे तुलनेने सोपे असते.

वजनगटांच्या पद्धतीमुळे यात आणखी एका बाबीची भर पडते. एकाच वजनाच्या दोन खेळाडूंपैकी उंच खेळाडूचे वजन लांब हाडांवर विभागले जाते. ठेंगण्या खेळाडूच्या वाट्याला तेवढ्याच वजनात जाड मान, भरीव कंबर व आखूड, जोरकस स्नायू येतात. एकाच गटात पल्ला वाढतो, तो अंगाच्या भरीवपणाची किंमत देऊन.

प्राचीन व मध्ययुगीन विचार : भारतीय परंपरेत लांब हात हे महापुरुषाचे लक्षण मानले आहे. ‘आजानुबाहू’, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचतात तो, आणि ‘महाबाहू’ ही विशेषणे महाकाव्यांतील वीरांना वारंवार लावलेली आढळतात. अग्निपुराणातील धनुर्वेदाच्या प्रकरणात युद्धसाधनांचे पाच वर्ग केले आहेत : यंत्राने फेकावयाची ती यंत्रमुक्त, हाताने फेकावयाची ती पाणिमुक्त, फेकून पुन्हा हाती घ्यावयाची ती मुक्तसंधारित, हातातच धरून वापरावयाची ती अमुक्त आणि शेवटी बाहुयुद्ध. तेथे धनुष्याचे युद्ध श्रेष्ठ, भाल्याचे मध्यम, खड्गाचे कनिष्ठ व बाहुयुद्ध सर्वांत खालचे, अशी प्रतवारीही दिली आहे. ही प्रतवारी उघडपणे पल्ल्याची आहे. आयुध जितके दूर पोहोचते तितके ते श्रेष्ठ ठरते.

अशा सरळ प्रतवारीत बाहुयुद्धातील बारकावे सामावत नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोद व अंकविनोद यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांपैकी पहिल्यात मल्लांची निवड, आहार, सराव व डाव यांचे वर्णन असून मल्लांची वय, देह व बळ यांनुसार प्रतवारी केली आहे. शरीरात फार तफावत असलेल्या दोघांना परस्परांविरुद्ध उतरविण्याने खेळाचा रस जातो, ही जाणीव अशा प्रतवारीमागे दिसते. पुढील काळातील वजनगटांच्या कल्पनेचे हे एक पूर्वरूप म्हणता येईल.

मराठ्यांची शस्त्रविद्या : मराठ्यांच्या शस्त्रांत पल्ला वाढविण्याचे अनेक कल्पक उपाय आढळतात. घोडेस्वाराचा भाला हलक्या वेळूचा असे. त्याच्या सरावासाठी टोकाशी चिंध्यांचा बोथट गोळा बांधलेल्या काठीने बोथाटीचा खेळ खेळत. भाल्याची टोक शत्रूपर्यंत तलवारीच्या कितीतरी आधी पोहोचते. परंतु ती चुकवून शत्रू दांड्याच्या आत शिरला, की स्वाराला भाला सोडून तलवार उपसावी लागते. सु. १·५ मी. लांबीच्या विट्यात या अडचणीवर एक उपाय योजलेला होता. विट्याच्या दांड्यास दोरी असून तिचे दुसरे टोक मनगटाशी बांधलेले असे. विटा फेकून पुन्हा ओढून घेता येई. अग्निपुराणातील मुक्तसंधारित वर्गाचे हे उत्तम उदाहरण होय.

दांडपट्टा हे पल्ल्याच्या गुणदोषांचे मूर्तिमंत उदाहरण आहे. त्याचे पाते सरळ, दुधारी व लवचिक असून लांबीला सामान्यतः सु. एक मीटर वा त्याहून अधिक असते. मुठीऐवजी लोखंडी खोबळा असतो. त्यात हात घालून आतील आडवी दांडी पकडली, की कोपरापर्यंतचा हात झाकला जातो आणि पाते हाताच्याच रेषेत पुढे येते. अशा प्रकारे पट्टेकऱ्याचा हात जणू दुपटीने लांबतो. पवित्रे घेत व उड्या मारत फिरविलेल्या पट्ट्याभोवती अनेकांना जवळ येता येत नाही. मर्दानी खेळांत पट्ट्याने लिंबू कापून दाखवितात, त्यावरून सरावाने येणाऱ्या अचूकतेची कल्पना येते. परंतु खोबळ्यामुळे मनगट जखडले जाते. वार कोपर व खांदा यांतूनच करावा लागतो, जवळच्या शत्रूवर पाते वळविता येत नाही आणि दाटीच्या जागी ते आपल्याच माणसांना लागण्याचा धोका असतो. म्हणून पट्टेकऱ्याला मोकळी जागा लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा दर्जा दिला. कोल्हापूर व इतरत्र मर्दानी खेळांच्या आखाड्यांत त्याचा सराव आजही चालतो.

आखूड पल्ल्याची बाजू प्रतापगडच्या प्रसंगात दिसते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट झाली. खान देहाने प्रचंड व बलाढ्य होता, याविषयी साधनांत एकमत आहे. महाराजांनी वापरलेल्या शस्त्राबाबत मात्र ती भिन्न आहेत : कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात तलवारीचा उल्लेख येतो, तर कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत बिचवा व वाघनखे यांचा. बखरीनुसार खानाने आलिंगनाच्या वेळी महाराजांची मान आपल्या बगलेत दाबून शस्त्राचा वार केला. अंगातील चिलखतामुळे तो निष्फळ ठरला. द्वंद्वशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की आलिंगनामुळे अंतर शून्यावर आले. दूर उभ्या असलेल्या उंच पुरुषाला मिळणारा लाभ तेथे उरला नाही. उलट ठेंगण्या पुरुषाचे हात नेमके प्रतिपक्षाच्या पोटाशी आले. इतक्या जवळून लांब तलवार निरुपयोगी ठरते, तर मुठीत मावणारे बिचव्यासारखे शस्त्र प्रभावी होते. त्यानंतर सय्यद बंडा पट्टा उगारून धावला, तेव्हा जिवा महाला याने त्याचा उगारलेला हातच छाटला. उगारलेले लांब शस्त्र खाली येण्यास लागणारा वेळ आणि त्या वेळात उघडा पडणारा हात, ही लांब पल्ल्याची दोन्ही वैगुण्ये या एका क्षणात दिसून येतात.

यूरोपातही हाच वाद झाला होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये सडपातळ व अतिशय लांब तलवारी बाळगण्याची रीत वाढली, तेव्हा राणी पहिल्या एलिझाबेथने जाहीरनाम्याद्वारे पात्याच्या लांबीवर मर्यादा घातली. जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज शस्त्रविशारदाने १५९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या लांब तलवारींवर कडक टीका केली. पाते इतकेच लांब असावे, की एक पाऊलही मागे न जाता ते शत्रूच्या पात्यापासून सोडविता यावे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता.

फिरंगाणातील अनुभव : यूरोपीय पात्यांशी मराठ्यांचा परिचय प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातून झाला. परदेशी बनावटीचे सरळ व लांब पाते बसविलेल्या तलवारीस ‘फिरंग’ म्हणत आणि वसईभोवतालचा पोर्तुगीज मुलूख मराठी कागदपत्रांत ‘फिरंगाण’ या नावाने येतो. तलवार आणि मुलूख या दोहोंची नावे एकाच शब्दापासून आलेली आहेत. सध्याच्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या (स्था. २००२) हद्दीतील घोडबंदर, उत्तन, डोंगरी व चौक हा परिसर या फिरंगाणातच मोडत होता.

हाताच्या व शस्त्राच्या पल्ल्याला लागू पडणारा नियम तोफेच्या पल्ल्यालाही लागू पडतो, हे या परिसरातील इतिहासावरून समजते. वसईचा किल्ला खाडीच्या मुखाशी उत्तर तीरावर आहे. समोर दक्षिण तीरावर भाईंदरच्या पश्चिमेस धारावीचा डोंगर व त्यावरील जंजिरे धारावी हा किल्ला आहे. खाडीत शिरणारी गलबते या दोन तीरांच्या मधून जात. चिमाजी आप्पाच्या वसई मोहिमेत (१७३७–३९) या ठाण्यासाठी झुंज झाली आणि मार्च १७३९ मध्ये ते मराठ्यांच्या ताब्यात आले. खाडीवर नजर ठेवता येईल असे उंच ठाणे गेल्याने वसईला समुद्रमार्गे मिळणारी मदत रोखणे मराठ्यांस सुलभ झाले. लांब पल्ल्याचा लाभ त्यांनी येथे घेतला. परंतु वसईची तटबंदी दुरून मारलेल्या गोळ्यांनी पडली नाही. मराठ्यांनी उत्तरेकडील जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकवीत तटापर्यंत मजल मारली व सुरुंग लावून बुरूज फोडला. तटाच्या पायथ्याशी पोहोचलेल्या शत्रूवर तटावरील मोठ्या तोफा वळविता येत नाहीत. त्यांचा पल्ला त्याच्या डोक्यावरून जातो. निकराच्या हल्ल्यानंतर मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला स्वाधीन केला. पल्ल्याच्या आत शिरताना मराठ्यांना मोठी प्राणहानी सोसावी लागली. अंतर तोडण्याची किंमत नेहमी तोडणाऱ्यालाच द्यावी लागते, हा द्वंद्वातील नियम वेढ्यातही चुकला नाही.

कुस्ती : कुस्तीत प्रहार नसल्याने पल्ल्याचे स्वरूप बदलते. खडाखडीच्या वेळी लांब हाताचा मल्ल प्रतिस्पर्ध्याचे मनगट, मान वा खांदा आधी गाठतो आणि त्याला दूर ठेवू शकतो. टांग लावताना लांब पाय उपयोगी पडतो. मोळीसारख्या डावात मान व पाय एकत्र कवटाळून हातांची मिठी घालावयाची असते. तेथे लांब हात जोडले जातात, आखूड हात अपुरे पडतात. याउलट एकेरी व दुहेरी पट काढताना ठेंगण्या मल्लाला थोडेच खाली वाकावे लागते, तर उंच मल्लाचे पाय त्याच्या हाताच्या उंचीवरच असतात. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाखाली कंबर घालून करावयाच्या डावांतही कंबर खाली असणे हिताचे ठरते. म्हणून अनुभवी वस्ताद उंच पट्ठ्याला वाकून उभे राहण्यास व हात आखडून घेण्यास शिकवितात, तर ठेंगण्या पट्ठ्याला आत शिरण्याची चपळाई शिकवितात. दोघांनाही निसर्गाने दिलेल्या देहाच्या विरुद्ध सवयी लावून घ्याव्या लागतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी गामा (१८७८–१९६०) व रहीमबक्ष सुलतानीवाला यांच्या लढती गाजल्या. रहीमची उंची पावणेसात फुटांच्या घरात होती, तर गामा त्याच्यापेक्षा सु. एक फुटाने ठेंगणा होता. त्यांच्या आरंभीच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या. गामा इंग्लंडहून परतल्यानंतर अलाहाबाद येथे झालेल्या कुस्तीत त्याचा विजय झाला. गामाने सप्टेंबर १९१० मध्ये लंडन येथे पोलिश मल्ल स्टॅनिस्लाउस झिबिस्को याच्याशी दिलेली झुंजही बोधप्रद आहे. झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ बहुतांशी जमिनीला चिकटून राहिला. त्याने अंतराचा प्रश्नच संपविल्यामुळे गामाला त्याला उलथविता आले नाही आणि सामना अनिर्णित राहिला. १९२८ मध्ये पतियाळा येथे झिबिस्को उभ्याने लढण्यास आला, तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

महाराष्ट्रात शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर हे मल्लविद्येचे प्रमुख केंद्र झाले. तेथील खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. मातीच्या आखाड्यात वजनाचे गट काटेकोर नसत. कुस्ती जोडताना मल्लाचा लौकिक व देह पाहून जोड ठरवीत. या पद्धतीत धिप्पाड, उंचापुऱ्या मल्लाकडे प्रेक्षकांचा ओढा असे आणि लहान चणीचा मल्ल कितीही निष्णात असला, तरी त्याच्या वाट्यास मोठी कुस्ती क्वचितच येई. खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–८४) यांच्या कारकीर्दीवरून यातील अन्याय ध्यानात येतो. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर येथे जन्मलेले खाशाबा अंगाने लहान होते. कोल्हापूर येथे महाविद्यालयात असताना त्यांच्या किरकोळ अंगयष्टीमुळे त्यांना प्रथम स्पर्धेत घेण्यास नकार मिळाला होता, असे सांगतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. तोवर त्यांना गादीवरील कुस्तीचा सराव नव्हता. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसा उभा करताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. हेलसिंकी येथे बँटमवेट गटात (५७ किग्रॅ.) खाशाबांनी कांस्यपदक पटकाविले. स्वतंत्र भारतास मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

खाशाबांचा आवडता डाव ढाक हा होता. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान वा हात आपल्या मिठीत घेऊन व स्वतःचे अंग वळवून त्याला पाठीवर फेकतात. या डावासाठी प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी भिडावे लागते. दुरून तो होत नाही. प्रतिस्पर्ध्याचा लांब हात पुढे येण्याची वाट पाहून त्याच हाताचा आधार घेणे, हे अशा डावाचे मर्म आहे. वजनगट नसते, तर खाशाबांसारख्या मल्लास जागतिक व्यासपीठ मिळाले नसते. आणि केवळ अंगयष्टी पाहून निवड झाली असती, तर वजनगट असूनही ते मिळाले नसते.

मुष्टियुद्ध : नियम बदलले, की पल्ल्याचे मोल बदलते, हे मुष्टियुद्धाच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसते. अठराव्या शतकातील उघड्या मुठींच्या इंग्लिश मुष्टियुद्धात पकडणे व खाली पाडणे यांस मुभा होती. सु. पाच फूट सात इंच उंचीच्या डॅन्येल मेंडोझाने (१७६४–१८३६) पदन्यास व बचाव यांच्या जोरावर आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना नमविले. १७९५ मध्ये मात्र त्याच्यापेक्षा उंच असलेल्या जॉन जॅक्सनने एका हाताने मेंडोझाचे लांब केस पकडून दुसऱ्या हाताने ठोसे मारले व सामना जिंकला. तत्कालीन नियमांनी यास मनाई केलेली नव्हती. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे आले व पकडापकडीस बंदी झाली. परिणामी अंतर राखून लढणाऱ्या उंच खेळाडूचा लाभ वाढला. कारण आत शिरलेल्या ठेंगण्या खेळाडूला आता तेथे पकड घालून राहता येईना.

तरीही पल्ला हा निर्णायक ठरला नाही. ४ जुलै १९१९ रोजी अमेरिकेतील टोलेडो येथे जॅक डेम्प्सी याने साडेसहा फूट उंचीच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. डेम्प्सी वाकून, अंग डोलवीत विलर्डच्या हातांखालून आत शिरत असे. रॉकी मार्सिआनो (१९२३–६९) याचा पल्ला सु. ६८ इंच (१७३ सेंमी.) होता, अवजड गटाच्या जगज्जेत्यांत तो अत्यंत आखूड समजला जातो. तथापि तो ४९ व्यावसायिक सामन्यांत एकदाही हरला नाही. सनी लिस्टनचा पल्ला सु. ८४ इंच (२१३ सेंमी.) होता, १९६४ मध्ये त्याला सु. ७८ इंच (१९८ सेंमी.) पल्ल्याच्या कॅशियस क्ले, म्हणजेच पुढे मुहंमद अली, याने हरविले. अलीने हातांच्या लांबीतील तूट पायांच्या वेगाने भरून काढली. लिस्टनचा ठोसा पोहोचण्यापूर्वीच तो अंतराबाहेर गेलेला असे. जवळ शिरून आणि दूर राहून, अशा दोन्ही मार्गांनी लांब पल्ला हरविता येतो, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

याचा अर्थ पल्ला निरर्थक आहे, असा नव्हे. भारतीय मुष्टियोद्धी मेरी कोम हिने आपली बहुतेक जागतिक अजिंक्यपदे ४५ ते ४८ किग्रॅ. च्या गटांत मिळविली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ५१ किग्रॅ. हाच सर्वांत खालचा गट होता, त्यामुळे सु. पाच फूट दोन इंच उंचीच्या मेरीला आपल्यापेक्षा उंच व लांब हातांच्या स्पर्धकांशी लढावे लागले. तिने कांस्यपदक मिळविले. उपांत्य सामन्यात तिला हरविणारी इंग्लंडची निकोला ॲडम्स तिच्याहून उंच होती. ज्यूदो या जपानी क्रीडाप्रकारात तर बळकटाला तंत्राने जिंकता येते, हे मूळ सूत्र होते आणि आरंभीच्या जागतिक स्पर्धांत वजनगट नव्हते. १९६१ मध्ये पॅरिस येथे व १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकच्या खुल्या गटात सु. १९८ सेंमी. उंचीच्या आंटोन खेसिंक या डच खेळाडूने जपानी स्पर्धकांवर विजय मिळविला. ज्याला तंत्रही अवगत आहे आणि ज्याचा देहही विशाल आहे, त्याच्यापुढे केवळ तंत्र अपुरे पडते, हे त्यामुळे सर्वांस पटले. १९६५ पासून जागतिक ज्यूदो स्पर्धांत वजनगट आले.

कबड्डी : कबड्डी हा सांघिक खेळ असला, तरी चढाई करणारा व पकड करणारे यांच्यातील झुंजीत पल्ल्याचा प्रश्न तसाच उभा राहतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी इतर भारतीय खेळांसह हुतूतूचेही प्रात्यक्षिक सादर केले होते. लांब हातापायांचा चढाईपटू मध्यरेषेपासून फार आत न जाता गडी बाद करू शकतो आणि पकड झाल्यावर हात लांबवून मध्यरेषा गाठू शकतो. पण गडी टिपण्यासाठी पुढे टाकलेला तोच लांब पाय घोट्यात पकडला गेला, तर अंगाचा तोल मागे राहतो आणि पाय सोडविणे कठीण जाते. बचाव करणारे हातात हात गुंफून साखळी करतात, तेव्हा दोन मध्यम उंचीच्या गड्यांचा एकत्रित पल्ला कोणत्याही एकट्या चढाईपटूपेक्षा मोठा होतो. सांघिक खेळाने आखूड पल्ल्यावर शोधलेला हा उपाय द्वंद्वात उपलब्ध नसतो.

निवड व प्रशिक्षण : विसाव्या शतकात व्यायामशास्त्राची शास्त्रीय मांडणी होऊ लागली. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशाने कुस्तीचे डाव व शस्त्रांचे हात मराठी वाचकांसमोर पद्धतशीरपणे मांडले. पुढे उंची, वाव व अवयवांची लांबी मोजून लहान वयातच खेळाडू निवडण्याची रीत अनेक देशांत रूढ झाली. मोजमाप उपयुक्त आहे. कोणत्या मुलाला कोणत्या शैलीचे शिक्षण द्यावे, हे त्यावरून ठरविता येते. परंतु तेच मोजमाप प्रवेशद्वारावरील कसोटी म्हणून वापरले, तर त्यातून चुका संभवतात. वाढत्या वयातील मुलाची वाव आज मोजली त्यापेक्षा दोन वर्षांनी निराळी भरते. शिवाय चपळाई, अंतराचा अंदाज आणि धीर हे गुण वावेत मोजता येत नाहीत.

लांब पल्ला लाभलेल्या खेळाडूलाही त्याचे शिक्षण घ्यावे लागते. दूर राहण्याची त्याची सवय इतकी पक्की होते, की प्रतिस्पर्धी आत शिरल्यावर काय करावे, याचा सराव राहून जातो. विलर्डसारख्या महाकाय खेळाडूंच्या पराभवाचे हे एक कारण दिसते. ठेंगण्या खेळाडूला मात्र पहिल्या दिवसापासून अंतर तोडण्याचीच तालीम मिळते, कारण तिच्यावाचून त्याचा निभाव लागत नाही. ज्याला जे निसर्गतः मिळाले आहे, त्याच्या पलीकडचा भाग शिकविणे हे वस्तादाचे काम होय. निवडीच्या वेळी लहान चणीच्या मुलाला परत पाठविणाऱ्याने गोळेश्वरच्या मल्लाचे स्मरण ठेवणे इष्ट ठरेल.